गाठोड्यातल्या कानशी

“गंज चढू देऊ नकोस, थोरले. दुसरं काही नाही केलंस तरी चालेल, पण माझ्या हत्यारांना गंज चढू देऊ नकोस.”

मामंजींचा आवाज तेव्हा पार खोल गेला होता. अंथरुणाला खिळून त्यांना महिना झाला होता, आणि मी उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होते. मी म्हटलं, “नाही चढू देणार, मामंजी.” त्यांनी डोळे मिटले. पुढच्या तीन दिवसांत ते गेले.

माणूस जाताना जे मागतो ते देवाने मागितल्यासारखंच, असं मी मानते. माझे रोजचे नेम तसे साधेच. पहाटे दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही. खोटं बोलायचं नाही. त्यात हा तिसरा नेम आला. दिवा लागला की मामंजींच्या कामाच्या खोलीत जायचं, कानशींचं गाठोडं सोडायचं, एकेक कानस फडक्याने पुसायची, तिला तेलाचा हात लावायचा, आणि सगळ्या पुन्हा एकत्र गुंडाळून गाठ मारायची. अकरा होत्या. चपट्या, गोल, अर्धगोल, दोन तिधारी, आणि सुईसारख्या बारीक तीन. धातूची कड घासून उतरवायची तर ह्यांच्याशिवाय गती नाही. सात महिन्यांत एक दिवस चुकला नाही. गंजाचा ठिपका नाही. गाठोडं उचललं की आत किणकिणायचं, आणि मला वाटायचं, मामंजी कुठूनतरी ऐकताहेत.

त्या दिवशी मी गाठ मारतच होते, तेवढ्यात अंगणात सूप आपटल्याचा आवाज आला.

“कुठाय तो कारागीर? काढा त्याला बाहेर!”

माळावरची आत्या होती. ती कुणाची सख्खी आत्या नव्हे. पण अख्खं गाव तिला आत्याच म्हणतं, आणि वचकूनही असतं. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, गुडघ्यापर्यंत माती.

“आत्या, बसा तरी आधी. पाणी देते.”

“पाणी पाजायला आले नाही आणि प्यायला आले नाही. हे बघ!”

सुपात शेंगदाणे होते. लालबुंद, बारीक दाण्याचे. पण निम्म्यांच्या दोन दोन पाकळ्या झालेल्या, कित्येकांची सालं सोलवटलेली.

“पेरायला बियाणं दिलं, आणि तुमच्या यंत्राने मला डाळ पाडून दिली! काल दिवसभर बैलांमागे चालले. संध्याकाळी तासात वाकून बघते तर हे. आता ह्यातून उगवणार काय, माझं कपाळ?”

पेरणीचं यंत्र आमचं, मामंजींनी बांधलेलं. बैलांनी ओढायचं. वर बियाण्याची पेटी, पेटीच्या तळाशी चार पितळी चकत्या, प्रत्येक चकतीला काठाशी सोळा भोकं. चाक फिरलं की चकती फिरते, एका भोकात एक दाणा बसतो आणि नळीतून जमिनीत पडतो. जुन्या चकत्या झिजून मोडीत गेल्या होत्या म्हणून यंदा भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, नव्या कापल्या होत्या. आमचे हे ट्रॅक्टर घेऊन लांबच्या कामावर गेलेले, त्यामुळे घरात कर्ते तेवढे भाऊजीच.

ते टॉवेल खांद्यावर टाकूनच बाहेर आले. “आत्या, चकत्या मी ग्राइंडरवर घासून आरशासारख्या केल्यात. हात फिरवून बघ.”

“हात फिरवून माझे दाणे जुळणार आहेत का रे?”

“यंत्र जोरात हाकलं असशील.”

“माझे बैल माझ्यापेक्षा म्हातारे आहेत. ते जोरात जातील तर मी नाचत जाईन!”

धाकटी अंगणात उतरली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. आत्याने बैलगाडीत घालून आणलेल्या यंत्राची पेटी तिने उघडली, एक चकती सोडवली, करंगळी एका भोकात घातली आणि हळूच फिरवली. बोट बाहेर काढलं तर रक्ताचा थेंब.

“वरून आरसा, आतून करवत,” ती म्हणाली. “भोक पाडताना कडेला बर उभी राहते. ती ग्राइंडरने गेली नाही. दाबली जाऊन आत वळली.”

“तुला काय कळतंय त्यातलं!”

“मला नाही कळलं. बोटाला कळलं.”

बर म्हणजे भोकाच्या काठाला उरलेला धातूचा काटेरी चुरा. भाऊजी टॉवेलाने तोंड पुसू लागले. मामंजी म्हणायचे, देवाने पोराला घाई दिली आणि सुनेला हात दिला. धाकटी नऊ वर्षं त्यांच्याशेजारी बसून शिकली होती. पण मामंजी गेल्यावर भाऊजींनी ग्राइंडर आणला, आणि तिचं स्टूल भिंतीकडे सरकलं.

आत्या आता ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. सुपातला एक फुटका दाणा उचलून ती बोटांत फिरवत राहिली. “हे वाण दुसऱ्या कुणाकडे राहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी कीड पडली तेव्हा सगळ्यांनी बाजारचं बी आणलं. मी एकटीने राखेत घोळवून ठेवलं, माझ्या सासूने ठेवलं तसं. दोन पोती होती. एक कालच्या दिवसात गेलं.”

“दुसरं पुढच्या वर्षी पेर की,” भाऊजी म्हणाले.

“सोललेला दाणा आहे बाबा. वर्ष काढत नाही तो. आत्ता जमिनीत गेला तर राहील, नाहीतर संपला.”

पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. वाफसा आला होता. माती चिकटतही नाही आणि उडतही नाही, मुठीत धरली तर लाडवासारखी बसते, बोट लावलं की फुटते. असा वाफसा माळरानावर चार दिवस टिकला तर नशीब. गावातली सगळी माणसं आपापल्या रानात गुंतलेली, हाताने टोकायला चार बाया मिळणं म्हणजे उंबराचं फूल. दुसऱ्यांची यंत्रं ज्वारीच्या दाण्याची. त्यांत शेंगदाणा शिरतच नाही.

“ताई,” धाकटी मला म्हणाली, “मामंजींचं गाठोडं आणा.”

मी आणलं. खरं सांगते, जरा अभिमानानेच आणलं. गाठ सोडली तेव्हा अकराही कानशी चकाकत होत्या.

धाकटीने चकती वाइसच्या जबड्यात आवळली. सर्वांत बारीक गोल कानस निवडली, भोकात घातली, पुढे ढकलली. कानस सरकन गेली. पुन्हा ढकलली. पुन्हा सरकली. शेवाळावर पाय घसरावा तशी. धाकटीच्या कपाळाला आठी पडली. तिने दुसरी घेतली. मग अर्धगोल. मग सुईकानस. मग चपटी घेऊन चकतीची नुसती बाहेरची कड घासून पाहिली. पितळेचा कण निघेना.

“धरतच नाही! एकही धरत नाही!” ती नवऱ्याकडे वळली. “तुम्ही लोखंडाला लावल्यात ना ह्या?”

“मी? छे!”

“फाळ घासला होता तुम्ही पेरणीच्या आधी. मी पाहिलं होतं.”

“एकदा! एकच, ती मोठी चपटी!”

“किती वेळा सांगायचे मामंजी. नवी कानस आधी पितळ खाते आणि म्हातारपणी लोखंड. एकदा लोखंडाची चव लागली की पितळेवर नुसती घसरते.”

“अगं पण ती एकच! बाकीच्यांना शिवलो असेन तर हात झडोत माझे.”

“मग काय भुताने घासल्या?”

“तुझ्या त्या म्हाताऱ्या कानशीच मुळात—”

“म्हाताऱ्या म्हणू नका!”

“भांडा, भांडा,” आत्या म्हणाली. “वाफसा बसलाय तुमचं भांडण संपायची वाट बघत.”

मी कोपऱ्यात उभी होते. मनात कुठंतरी काहीतरी टोचलं, पण ते काय हे माझं मलाच नीट कळलं नव्हतं. धाकटीने फळीवरून खडू घेतला आणि कानशीच्या दातांत तो घासू लागली. पितळ दातांत अडकू नये म्हणून मामंजी असाच घासायचे. पांढरा खडू दोन फेऱ्यांत पिवळट झाला, चिकट झाला. तिने कानस नाकाशी नेली.

“तेल.”

तिने कानस खाली ठेवली.

“कानशीला तेल कुणी लावलं?” ती भाऊजींकडेच बघत होती. “कानशीला तेल लावतं का कुणी! तेल लागलं की कानस घसरते, धूळ दातांत जाऊन बसते!”

भाऊजी खरंच गोंधळले होते. “मी नाही लावलं बाई. मी कशाला लावू?”

खोटं बोलायचं नाही हा माझा नेम. पण दुसऱ्यावर आळ येत असताना गप्प उभं राहणं त्या नेमात बसतं की नाही, हे मी तोवर स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तीन श्वास मी गप्पच राहिले. ते तीन श्वास मला अजून आठवतात.

“मी लावलं,” मी म्हटलं. “रोज. सात महिने.”

धाकटी माझ्याकडे पाहत राहिली. “रोज?”

“गंज चढू देऊ नको म्हणाले होते. पुसायची, तेल लावायची, सगळ्या एकत्र बांधून ठेवायची.”

तिने चपटी कानस उजेडाकडे धरून तिरपी केली. मग अंगठ्याचं नख दातांवरून ओढलं. चांगल्या कानशीवर नखाचा पांढरा भुगा पडतो. काहीच पडलं नाही.

“तेल धुवून निघेल ताई,” ती हळू म्हणाली, आणि तिचं हळू बोलणं मला ओरडण्यापेक्षा लागलं. “पण दात गेलेत. कानस कानशीवर घासली की दोघींचे दात मोडतात. म्हणून मामंजी प्रत्येक कानस वेगळ्या खिळ्याला टांगायचे. ते खिळे तुम्ही…”

ते खिळे मीच उपटले होते. भिंत सारवताना.

“अरेच्चा,” भाऊजी म्हणाले, “एका गाठोड्यात अकरा कानशी! इथं एका घरात दोन जावा म्हटलं तरी—”

“तुम्ही गप्प बसा!” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

आत्या माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. ती म्हणाली, “थोरले, तुझ्या भक्तीने देव खूश झाला असेल. पण माझं बी देवाने नाही, जमिनीने धरायचंय.”

मी म्हटलं, “आत्या, तुमचं उरलेलं पोतं वाफसा आहे तोवर जमिनीत जाईल. सगळं. शेवटचा दाणासुद्धा. माझा शब्द.”

“शब्द देऊ नकोस गं. तू दिलेला शब्द कसा पाळतेस ते आत्ताच पाहिलं,” असं म्हणून ती गेली. फुटके दाणे सुपातच ठेवून गेली.

दुपारच्या बसने आम्ही दोघी जावा बाजाराच्या गावी गेलो. लोखंडी सामानाचं दुकान तिथं एकच. दुकानदाराला सगळे खिळेवाला म्हणतात. काउंटरवर कोपर टेकून तो चहा पीत होता.

“कानस हवी. पितळेच्या बारीक कामाला,” धाकटी म्हणाली.

“घरातलं माणूस नाही आलं?”

“घरातलंच माणूस बोलतंय.”

त्याने एक चकचकीत पेटी पुढे सरकवली. दहा कानशी, लाल मुठींच्या. “घ्या. ह्याच्यापुढे काही नाही. डोळे मिटून घ्या.”

“डोळे उघडून घेते,” धाकटी म्हणाली. तिने एक उचलली, उजेडाकडे धरली, पात्याच्या लांबीवरून एका डोळ्याने पाहिलं, नखावर ओढली. मग पिशवीतून पितळेचा तुकडा काढून काउंटरवर दाबला आणि तीनदा पुढे घासलं. पुढे ढकलताना जोर, मागे घेताना उचलून. तिसऱ्या खेपेला तुकड्यावर ओरखडे होते, पण कड तशीच. कानशीचे टोकाकडचे दात मात्र चपटे झाले होते.

“दात आहेत, पण दुधाचे,” ती म्हणाली. “दुसरी दाखवा.”

“अहो बाई, भाजी निवडताय का?”

“भाजी असती तर नासली तरी फेकून दिली असती.”

खिळेवाल्याने कप खाली ठेवला. दुसरी पेटी आली, तिसरी आली. एकीचे दात इतके जाड की भोक खाऊन टाकील. दुसरी इतकी मऊ की नखाने वाकावी. शेवटी त्याने एक जुना खण ओढला. आत मेणकागदात गुंडाळलेली एकच कानस निघाली. धाकटीने ती नखावर ओढली मात्र, तिचा चेहरा उजळला. पांढरा भुगा पडला. मग तिने चकती काढली आणि कानस भोकाला लावली. भोकापेक्षा कानस जाड.

“ह्याच्यात बारीक?”

“मागवावी लागेल. दोन आठवडे.”

“दोन दिवसांत वाफसा जाईल.”

“मग वाफशाला सांगा, थांब म्हणावं.”

मी एरवी कुणाला उलट बोलत नाही. त्या दिवशीही बोलले नाही. पण दाताखाली जीभ चावून धरावी लागली. दोन पॉलिश पेपर घेऊन आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये धाकटी खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर रानं काळीभोर तकतकत होती, मधूनच एखादी पिवळट पट्टी सुकायला लागलेली. पश्चिमेचा वारा सुटला होता. वारा म्हणजे वाफशाचा चोर.

“शिव्या दे मला,” मी म्हटलं. “बरं वाटेल.”

“कुणाला? तुम्हाला की मला?”

“दोघींना.”

ती हसली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मी रोज तुम्हाला त्या खोलीत जाताना बघायचे. म्हणायचे, ताई पूजा करतात, करू दे. आत जाऊन एकदा बघितलं नाही. ह्यांचा ग्राइंडर आल्यापासून रुसून बसले होते ना मी.” मग ती एकदम सरळ बसली. “ताई, तिधारी दोन आहेत ना?”

“आहेत. दात गेलेल्या.”

“दात नकोतच. तिन्ही बाजू दगडावर घासून दात पार काढून टाकायचे. पोलाद तेच, कडक. राहतात तीन नागव्या धारा. भोकात घालून फिरवायची. कानस घासते, ही तासते. मामंजींनी एकदा केली होती, पंपाच्या तोटीसाठी. मी तेव्हा चहा करायला उठले आणि शेवट पाहायचा राहिला.”

घरी पोचलो तेव्हा भाऊजी दारातच उभे. सकाळपासून माणूस मवाळ झाला होता. धाकटीने सांगितलं तसे उत्साहाने म्हणाले, “दगड कशाला? ग्राइंडरवर दोन मिनिटांत देतो.”

“हळू घ्या. पाणी लावत घ्या. तापली तर—”

चाक फिरलं, ठिणग्यांचा पिसारा उडाला, आणि दोन मिनिटांत खरंच तिन्ही बाजू गुळगुळीत. पण टोकाशी रंग चढत गेला. पिवळा, तपकिरी, मग मोरपिशी निळा.

“मेली,” धाकटी म्हणाली.

“दिसायला छान—”

“निळी पडली म्हणजे पोलाद भाजलं. आता ती मऊ. बघा.” तिने ती भोकात घालून एकदा फिरवली. धार दुमडली. “दोन होत्या. एक गेली. घाई, घाई, घाई!” आणि ती स्टुलावर बसून रडू लागली. रागाने रडतात ना, तसं, हुंदका न देता. भाऊजींनी चाकाची वायर काढली आणि उगाच हातात गुंडाळत बसले.

दुसरी तिधारी मी घेतली. “मला येईल का?”

“येईल,” धाकटी नाक पुसत म्हणाली. “येण्यासारखं त्यात काहीच नाही. दगडावर पाणी, कानस आडवी सपाट, मागे-पुढे. डुलू द्यायची नाही. फक्त कंटाळायचं नाही.”

कंटाळायचं नाही, एवढं मला येतं. मी धारेच्या दगडापाशी बसले. पाणी शिंपडायचं, घासायचं, पुसायचं, बघायचं. एक बाजू व्हायला दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावून पुन्हा बसले. खांद्यापासून मनगटापर्यंत हात पेटला होता. उन्हं अंगणात आली तेव्हा तिन्ही बाजू आरशासारख्या झाल्या होत्या, आणि ह्या वेळी आरसा खरा होता. धाकटीने धारेवर नख टेकवलं. नख सरकलं नाही, रुतलं.

ती कामाला लागली. टोक भोकात घालायचं, अर्धा वेढा, उलटा अर्धा वेढा, फुंकर. पितळेची केसासारखी कुरळी तार निघायची. मग भाऊजींनी लाकडाच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून आत फिरवायचा. ग्राइंडरवाल्याला काडी मिळाली होती, पण कुरकूर न करता फिरवत होते.

“आत बर राहिली की नाही कसं कळणार? दर वेळी बोट कापून घेणार का?” त्यांनी विचारलं.

मी दिव्यासाठी वळलेल्या वातींपैकी एक आणली आणि भोकातून ओढली. कापसाचा एक तंतू काठाला अडकून राहिला. धाकटीने तिथं पुन्हा धार फिरवली. पुन्हा वात ओढली. अडकली नाही.

“वहिनी,” भाऊजी म्हणाले, “तुमचा देव कामाला आला शेवटी.”

“देव नाही, कापूस,” मी म्हटलं.

सोळा भोकं, प्रत्येकाच्या दोन्ही कडा. संध्याकाळपर्यंत दोन चकत्या झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तिसरी झाली. आत्या तेव्हा आली. आल्या आल्या तिने अंगणातली माती मुठीत दाबली, बोट लावलं. “उद्या दुपारपर्यंत,” म्हणाली. “मग ढेकळं.”

भाऊजींनी तिन्ही चकत्या पेटीत बसवल्या, यंत्र ओट्याला टेकवून चाक हाताने फिरवलं. धाकटीने खाली फडकं धरलं. शंभर दाणे मोजून टाकले होते. आत्या गुडघे टेकून एकेक दाणा उलटून बघू लागली.

“हा एक फुटलाय.”

“तो आधीच तडकलेला असेल,” भाऊजी म्हणाले.

“माझ्या बियाण्यात तडकलेला दाणा नसतो.”

धाकटीने चकत्या पुन्हा काढल्या, प्रत्येक भोकातून वात ओढली. दुसरीच्या अकराव्या भोकात तंतू अडकला. तासला, घासला, पुन्हा बसवली. पुन्हा शंभर दाणे. आत्याने दोनदा पाहिले. मग दाणे ओंजळीत भरून कपाळाला लावले.

राहिली चौथी. धाकटीने पहिल्या भोकात धार फिरवली आणि थांबली. “ही दोन भोकं इतकी जवळ कशी?”

भाऊजी खाली बघत होते. “ड्रिल जरा सरकलं होतं.”

“जरा!” तिने हलक्या हाताने कड काढायचा प्रयत्न केला. दोन भोकांमधली पातळ भिंत वाकली, आणि तुटली. एक लांबोडकं भोक झालं. त्यात दोन दाणे शिरणार आणि पेटीच्या काठाला चिरडणार. चकती फुकट. पितळेचा पत्रा घरात नाही, बाजारचं गाव दोन तासांवर, दुपारचे तीन वाजलेले.

धाकटीने चकती भिंतीवर फेकली. ती गरगरत येऊन तिच्याच पायाशी पडली.

“तीन नळ्यांवर चालवू,” भाऊजी म्हणाले. “चौथी बंद ठेवू. तीन ओळी भरल्या, एक रिकामी.”

“आणि त्या चौथ्या ओळीचं बी?” आत्या म्हणाली. “पाव पोतं उरेल. त्याचं काय, भाजून खाऊ? रान तेवढंच आहे माझं, दुसऱ्यांदा यंत्र फिरवायला जागा नाही आणि वाफसाही नाही.” ती उठली, कमरेवर हात ठेवून. “असू दे. तीन तर तीन. पोरी, तू हात मोडून घेतलास, मी बघितलं. सकाळी बैल पाठवते.”

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मला बोललेलं परवडलं असतं.

रात्रीचं आवरून मी यंत्रापाशी गेले. चौथी नळी चाचपली. वरून उघडी होती. तोंडाला नरसाळं बसेल एवढी रुंद. चालत्या यंत्राच्या बाजूने चालत मुठीतून एकेक दाणा सोडत गेलं तर चकतीचं काम मुठीने होईल. पाव पोतं. रानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेऱ्या होतील ते मी मोजलं नाही.

पहाटे अंघोळ झाली, दिवा लावला, पाण्याचा घोट घेतला. धाकटी गाढ झोपली होती, उजव्या हाताची बोटं उशीवर पसरून. सगळ्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. भाऊजी भिंतीकडे तोंड करून घोरत होते. उठवलं असतं तर दोघंही आले असते. तीन दिवस त्यांनी माझ्या चुकीपायी काढले होते. मी कुणाला उठवलं नाही. उजाडल्यावर आत्याचे बैल यंत्र न्यायला येणार होते; त्याआधी मला माळावर पोचायचं होतं.

स्वयंपाकघरातलं तेलाचं नरसाळं राखेने स्वच्छ घासलं, कोरडं केलं, पुन्हा एकदा पुसलं. कमरेला एक जाड कापडी पिशवी बांधली. उजवा हात खांद्यापर्यंत उचलवत नव्हता, तेव्हा पिशवी डावीकडे घेतली; सुपातले फुटके दाणे डाव्या मुठीने सोडून बघितले, पाच-सात सांडले, मग जमू लागलं.

अंगणातलं फाटक लोखंडी आहे, उघडलं की करकरतं. मी ते दोन्ही हातांनी जरा उचलून धरलं, बाहेर आले, तसंच अलगद लावलं आणि माळाच्या वाटेला लागले.